हिप्परग्याच्या शाळेचा ताळेबंद

दहावीचे निकाल लागले, की आपल्याकडे प्रवेशाचा हंगाम सुरू होतो. धाराशिव जिल्ह्यातील पालक मुलांना घेऊन लातूर, सोलापूर आणि पुणे गाठतात. शहरातील नामांकित महाविद्यालयाला जोडलेल्या विद्यालयात जागा मिळाली, म्हणजे मुलाचे निम्मे आयुष्य मार्गी लागले, अशी त्यांची श्रद्धा असते. जागा थोड्या व इच्छुक फार, तेव्हा निवड करावी लागणार, हे अर्थशास्त्राच्या कोणत्याही विद्यार्थ्याला समजते. प्रश्न एवढाच आहे, की ही निवड नेमकी केव्हा होते? गुणांची यादी लागते त्या दिवशी, की त्याच्या कितीतरी आधी? या प्रश्नाचा विचार करताना स्वामी रामानंद तीर्थ यांचे चरित्र वारंवार आठवते. दरवर्षी १७ सप्टेंबरला आपण त्यांना हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे सेनानी म्हणून हार घालतो. परंतु हा सेनानी आधी याच जिल्ह्यातील एका खेड्यात शाळामास्तर होता, याचे स्मरण फारसे कोणी करीत नाही.

स्वामीजींचे पूर्वाश्रमीचे नाव व्यंकटेश भवानराव खेडगीकर. त्यांचा जन्म ३ ऑक्टोबर १९०३ रोजी विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे झाला. सोलापुरात माध्यमिक शिक्षण चालू असतानाच १९२०चे वर्ष उजाडले. त्या वर्षी १ ऑगस्टला लोकमान्य टिळकांचे निधन झाले आणि या सोळा वर्षांच्या मुलाने आजन्म ब्रह्मचर्याचा व देशसेवेचा संकल्प केला. पुढे असहकाराच्या चळवळीत त्याने सरकारी शाळाही सोडली. शहरातील सरकारी हायस्कूल म्हणजे त्या काळी नोकरीचा, प्रतिष्ठेचा आणि स्थैर्याचा राजमार्ग. तो हाती आलेला असताना सोडून देणे म्हणजे काय, हे मध्यमवर्गीय वाचकांना निराळे सांगावयास नको. नंतरचे शिक्षण अमळनेरला आणि पुण्याच्या टिळक महाविद्यालयाच्या परंपरेत झाले. राज्यशास्त्र हा विषय घेऊन त्यांनी पदव्युत्तर पदवी मिळविली. काही काळ कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्या हाताखाली त्यांनी कामगार चळवळीचे कामही केले.

१९२९च्या सुमारास ते हिप्परग्यास आले. आज लोहारा तालुक्यात असलेले हे गाव त्या वेळी निजामाच्या राज्यात होते. व्यंकटराव देशमुख आणि अनंतराव कुलकर्णी यांनी १९२१ साली तेथे राष्ट्रीय शाळा सुरू केली होती. तिचे मुख्याध्यापकपद खेडगीकरांनी स्वीकारले. १९३० साली येथेच त्यांनी संन्यासदीक्षा घेतली आणि ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. संन्यास घेतल्यावर माणूस शाळा सोडून हिमालयात जातो, अशी आपली समजूत असते. हा संन्यासी दुसऱ्या दिवशीही वर्गावरच राहिला.

याच सुमारास राजधानीत काय घडत होते, तेही पाहण्याजोगे आहे. हैदराबादेत मुसी नदीच्या काठी एक भव्य सरकारी हायस्कूल होते. १९२१ साली त्याला उस्मानिया विद्यापीठाचे इंटरमिजिएटचे वर्ग जोडण्यात आले आणि १९२९ साली त्याचे सिटी कॉलेज झाले. शाळेतून थेट महाविद्यालयात नेणारा हा सलग जिना होता. उस्मानिया विद्यापीठाने १९१८ पासून देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा जो प्रयोग केला, तो धाडसी होता, हे मान्य केलेच पाहिजे. दोष असा, की राज्यात मराठी, तेलुगू आणि कन्नड बोलणारी प्रजा बहुसंख्य असताना ती देशी भाषा एकटी उर्दूच ठरली. माध्यमिक इयत्तांपासून हीच भाषा लागत असे. उमरगा किंवा तुळजापूरकडच्या शेतकऱ्याच्या मुलाला त्या जिन्याची पहिली पायरी चढण्यासाठी परकी भाषा, दूरचा प्रवास आणि राजधानीतील राहण्या-जेवण्याचा खर्च एवढे सारे पेलावे लागे. म्हणजे त्याची निवड कोणत्याही परीक्षकाने उत्तरपत्रिका हाती धरण्यापूर्वीच होऊन गेलेली असे. ज्या राज्यात त्या काळी शंभरांत दहा माणसांनाही अक्षरओळख नव्हती, तेथे गुणवत्तेची यादी ही वस्तुतः ऐपतीची यादी होती.

हिप्परग्याच्या शाळेने हा क्रम उलटा केला. तेथे शाळाच मुलांच्या मुलखात आली आणि मुलांच्या भाषेत बोलू लागली. शिक्षणाची खरी किंमत फीच्या पावतीवर लिहिलेली नसते. अंतर, भाषा, वसतिगृह आणि मुलाच्या श्रमाला मुकलेले घर यांची ती बेरीज असते, आणि या शाळेने त्यांपैकी पहिल्या दोन रकमा खोडून टाकल्या. तिच्या जमेच्या बाजूला सरकारी कृपा नव्हती. उलट राष्ट्रीय शाळेकडे संस्थानी सरकार संशयानेच पाही आणि तिच्या शिक्षणाला सरकारी नोकरीच्या बाजारात भाव नव्हता. तरीही बाबासाहेब परांजपे यांच्यासारखे सुशिक्षित तरुण तेथे शिकविण्यास आले. शहरात सहज मिळू शकणारे आयुष्य सोडून ही माणसे खेड्यात राहिली, हेच त्या शाळेचे भांडवल.

१९३५ साली स्वामीजी अंबाजोगाईस, म्हणजे त्या वेळच्या मोमिनाबादला गेले. तेथील योगेश्वरी विद्यालयाच्या उभारणीत त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतःला वाहून घेतले. १९३८ साली शाळा सोडून ते राजकारणात उतरले. स्टेट काँग्रेसवर जन्मापूर्वीच बंदी आली, तेव्हा ऑक्टोबर १९३८ मध्ये सत्याग्रह करून त्यांनी तुरुंगवास पत्करला. १९४०, १९४२ आणि १९४७ सालीही तुरुंगाचे दार त्यांच्यासाठी उघडले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले. पुढे १९५२ मध्ये गुलबर्ग्यातून आणि १९५७ मध्ये औरंगाबादेतून ते लोकसभेवर निवडून गेले. परंतु मुक्तीनंतर दोनच वर्षांनी, १९५० साली, नांदेडमध्ये त्यांच्या पुढाकाराने पीपल्स कॉलेज सुरू झाले, ही नोंद मला अधिक बोलकी वाटते. खेड्यातील शाळेपासून निघालेला हा शिक्षक महाविद्यालयापर्यंत पोहोचला. मराठवाड्याच्या मुलासाठी राजधानीचा तो जिना त्याने घराजवळ आणून ठेवला. २२ जानेवारी १९७२ रोजी हैदराबाद येथे त्यांचे निधन झाले. १९९४ मध्ये नांदेडला स्थापन झालेल्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे.

या चरित्रावरून निवडक शाळाच नकोत, असा निष्कर्ष काढणे उतावळेपणाचे होईल. १९८६च्या शैक्षणिक धोरणाने रुजविलेली नवोदय विद्यालयेही परीक्षा घेऊन मुले निवडतात. मात्र किमान पंचाहत्तर टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी राखून आणि राहण्या-जेवण्याचा खर्च शासनाने उचलून ती निवडतात. निवड न्याय्य करता येते, याचा हा पुरावा आहे. परंतु शहरातील महाविद्यालयांना जोडलेल्या आमच्या नामांकित विद्यालयांना हे बंधन जाचत नाही. ती उत्तम मुले उचलतात, उत्तम निकाल लावतात आणि तो निकाल आपल्या अध्यापनाचा म्हणून मिरवतात. कच्चा माल निवडून घेणाऱ्या कारखान्याने पक्क्या मालाचे सारे श्रेय यंत्राला द्यावे, तसाच हा हिशेब आहे. मी स्वतः महाविद्यालयात शिकवितो, तेव्हा या हिशेबाचा वाटेकरी मीही आहे.

धाराशिवचा समावेश केंद्र शासनाने २०१८ साली आकांक्षित जिल्ह्यांत केला, म्हणजे मागासपणाला सभ्य नाव मिळाले. ते पुसावयाचे असेल, तर प्रत्येक नामांकित महाविद्यालयाने आपल्या परिसरातील काही ग्रामीण माध्यमिक शाळांचे पालकत्व घ्यावे. त्याच्या प्राध्यापकांनी आठवड्यातून एक दिवस तेथे जाऊन शिकवावे आणि तेथील मुलांसाठी वसतिगृहातील काही जागा राखून ठेवाव्यात. अनुदान देताना शासनाने निकालाच्या टक्केवारीबरोबर ही नोंदही तपासावी. यासाठी संन्यास घेण्याची गरज नाही. एस.टी.ने जाऊन सायंकाळी घरी परत येता येईल, एवढ्याच अंतरावरचे हे काम आहे.