भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी

भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी ऊर्फ बाळासाहेब (२४ ऑक्टोबर, १८६८ - १३ एप्रिल, १९५१) हे औंध संस्थानाचे अधिपती, चित्रकार, लेखक आणि कलासंग्राहक होते. अजिंठा व वेरूळ येथील प्राचीन लेण्यांची ओळख करून देणारी पुस्तके, औंधचे श्री भवानी वस्तुसंग्रहालय, सूर्यनमस्काराचा प्रसार आणि प्रजेला दिलेले स्वराज्य यांसाठी ते ओळखले जातात.

जीवन

भवानरावांचा जन्म औंध येथे झाला. पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयातून त्यांनी बी.ए. पदवी घेतली. १९०९ मध्ये त्यांच्याकडे संस्थानाचा कारभार आला. ७२ गावांचे हे छोटे संस्थान सलग प्रदेशात नव्हते. त्याची गावे आजच्या सातारा, सांगली आदी जिल्ह्यांत विखुरलेली होती. लक्ष्मणराव किर्लोस्करांना त्यांनी कारखान्यासाठी कुंडलजवळची जागा दिली व तेथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी त्यांनी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेस १ लाख रुपयांचे साहाय्य जाहीर केले. १९३५ मध्ये इंदूर येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.

चित्रकला आणि लेण्यांवरील लेखन

भवानराव स्वतः चित्रे काढीत. त्यांचे 'चित्ररामायण' १९१६ मध्ये प्रकाशित झाले. वेरूळवरील त्यांचे इंग्रजी मार्गदर्शक पुस्तक १९२९ मध्ये, तर अजिंठ्यावरील १९३२ मध्ये प्रसिद्ध झाले. सामान्य प्रवाशाला लेण्यांतील शिल्पे व चित्रे समजावीत, असे या पुस्तकांचे स्वरूप आहे.

या लेण्यांच्या स्थापत्याचे वेगळेपण कमानीवरून विशेष ध्यानात येते. प्राचीन रोमन कमान पाचरीच्या आकाराचे सुटे दगड एकमेकांशेजारी बसवून रचली जाई. माथ्यावरचा मधला दगड बसला की सर्व दगड परस्परांना दाबून धरीत व वरचा भार दोन्ही बाजूंच्या आधारांवर उतरे. त्यामुळे रोमनांना रुंद गाळ्यांचे पूल आणि जलसेतू बांधता आले. अजिंठ्याच्या १९ व २६ क्रमांकांच्या चैत्यगृहांच्या दर्शनी भागीही घोड्याच्या नालेसारखी भव्य कमान आहे. परंतु ती अखंड खडकातून कोरलेली असल्याने तिच्यात सांधा नाही. जुन्या लाकडी छपरांच्या वाकवलेल्या वाशांचे ते दगडातील अनुकरण आहे. येथे बांधकाम आणि शिल्प वेगळे करता येत नाही; म्हणूनच चित्रकाराच्या नजरेने लेण्यांकडे पाहणाऱ्या भवानरावांच्या लेखनाला महत्त्व आहे.

वस्तुसंग्रहालय

आपला कलासंग्रह त्यांनी राजवाड्यापुरता ठेवला नाही. १९३८ मध्ये औंध येथे यमाई देवीच्या डोंगरावर त्यांनी संग्रहालय उभारले. त्यात राजा रविवर्मा यांची चित्रे, लघुचित्रे, हस्तिदंती कोरीवकाम आणि इंग्लिश शिल्पकार हेन्री मूर यांचे माता व बालकाचे दगडी शिल्प आहे. मोठ्या शहरापासून दूर असलेल्या खेड्यातील लोकांना देशोदेशीची कला पाहता यावी, अशी ही सोय होती.

औंधचा प्रयोग आणि अखेर

महात्मा गांधींच्या मार्गदर्शनाने आणि मॉरिस फ्रीडमन व पुत्र अप्पासाहेब पंत यांच्या साहाय्याने तयार झालेली राज्यघटना भवानरावांनी जानेवारी १९३९ मध्ये लागू केली. तिच्यामुळे सत्तेचा पाया ग्रामपंचायतींवर आला आणि राजाने आपले अधिकार लोकप्रतिनिधींकडे सोपवले. त्याच काळात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. ८ मार्च, १९४८ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. त्यानंतर तीन वर्षांनी भवानरावांचे निधन झाले. संस्थान उरले नाही, तरी औंधच्या डोंगरावरील संग्रहालय आजही लोकांसाठी खुले असून त्याची व्यवस्था महाराष्ट्र शासनाकडे आहे.