बर्फावरील सहप्रवास : लुडोविका याकोबसन

बर्लिनच्या वेशीवर, हाफेल नदीच्या काठी वसलेले पॉट्सडॅम हे प्रशियाच्या राजांचे आवडते नगर. राजवाडे, उपवने आणि सरोवरे यांनी वेढलेल्या या नगरात 25 जुलै 1884 रोजी लुडोविका आयलर्स यांचा जन्म झाला. पुढे बर्फाच्या मैदानावर त्यांनी जे यश मिळवले, ते मात्र जन्मभूमीच्या नव्हे, तर पतीच्या देशाच्या नावे नोंदले गेले. एका राष्ट्राची कन्या आणि दुसऱ्या राष्ट्राची पहिली ऑलिम्पिक सुवर्णविजेती स्त्री, असा दुहेरी परिचय लाभलेल्या या क्रीडापटूचे आयुष्य म्हणजे चिकाटीचा आणि सहजीवनाचा एक वस्तुपाठच आहे.

ज्या खेळात त्यांनी कीर्ती मिळवली, तो खेळ उष्ण कटिबंधातील वाचकांना तसा दूरचा. बुटाच्या तळाला बसवलेल्या पोलादी पात्यावर तोल सांभाळत गोठलेल्या पाण्यावरून घसरत जायचे आणि पात्याच्या धारेने बर्फावर वर्तुळे, आकडे आणि वळणदार आकृत्या रेखायच्या, यावरूनच त्याला फिगर स्केटिंग हे नाव पडले. या खेळाचे नियमन करणारी आंतरराष्ट्रीय संघटना 1892 मध्ये स्थापन झाली. परंतु तिच्या आरंभीच्या स्पर्धा पुरुषांसाठीच आहेत, असे गृहीत धरले जात होते. 1902 मध्ये मॅज सायर्स या इंग्रज महिलेने लंडनच्या जागतिक स्पर्धेत पुरुषांच्या बरोबरीने उतरून दुसरा क्रमांक पटकावला, तेव्हा कोठे संघटनेला या प्रश्नाचा विचार करणे भाग पडले. 1906 पासून स्त्रियांची स्वतंत्र स्पर्धा सुरू झाली आणि 1908 मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे स्त्री-पुरुष जोड्यांची पहिली आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा भरली. लुडोविका यांचे तारुण्य नेमके याच उंबरठ्यावरच्या काळात उमलले.

1907 मध्ये त्यांची गाठ वॉल्टर याकोबसन या तरुणाशी पडली. 6 फेब्रुवारी 1882 रोजी हेलसिंकी येथे जन्मलेले वॉल्टर अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी जर्मनीत आले होते. त्यांची मायभूमी फिनलंड त्या वेळी रशियाच्या झारच्या सत्तेखाली होती. लांब हिवाळ्यांच्या त्या देशात वाढलेला हा अभियंता आणि पॉट्सडॅमची ही तरुणी यांना बर्फाने एकत्र आणले, ते कायमचेच.

जोडी स्केटिंग म्हणजे दोन कुशल खेळाडूंची नुसती बेरीज नव्हे. आज या खेळात दिसणाऱ्या डोक्यावरच्या उंच उचली किंवा जोडीदाराला हवेत भिरकावणाऱ्या कसरती त्या काळी नव्हत्या. हातात हात घालून किंवा खांद्याला खांदा लावून, संगीताच्या तालावर एकाच वेगाने, एकाच कोनात झुकत वळणे घेणे, क्षणभर विलग होऊन पुन्हा नेमक्या त्याच क्षणी एकत्र येणे, यातच सारी परीक्षा असे. एकाचे पाऊल किंचित पुढे पडले, तरी दुसऱ्याचा तोल जाई. एकट्याच्या खेळात चूक झाकता येते; जोडीत ती दुप्पट दिसते. म्हणूनच या प्रकारात अंगबळापेक्षा परस्परांची ओळख अधिक मोलाची ठरे, आणि ती ओळख वर्षानुवर्षांच्या सरावाखेरीज होत नसे.

1910 मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत या जोडीने पहिल्याच प्रयत्नात रौप्यपदक मिळवले. सुवर्ण गेले ते अॅना ह्यूब्लर आणि हाइन्रिश बुर्गर या जर्मन जोडीकडे. हीच जोडी 1908 च्या लंडन ऑलिम्पिकमध्येही विजयी झाली होती. पुढच्याच वर्षी व्हिएन्ना येथे लुडोविका आणि वॉल्टर यांनी अजिंक्यपद पटकावले. त्या वेळी त्या जर्मनीच्या आणि ते फिनलंडचे, अशी दोन देशांची ती जोडी होती. त्याच व्हिएन्नात लुडोविका यांनी स्त्रियांच्या एकेरी स्पर्धेतही कांस्यपदक मिळवले. स्वतंत्रपणे खेळूनही त्या यशस्वी होऊ शकल्या असत्या, याची ही साक्ष. परंतु आपली वाट त्यांनी जोडीच्या खेळातच शोधली. 1911 मध्ये दोघे विवाहबद्ध झाले आणि तेथून पुढे लुडोविका याकोबसन फिनलंडच्या नावाने बर्फावर उतरू लागल्या.

1912 मध्ये मँचेस्टर येथे फिलिस आणि जेम्स जॉन्सन या इंग्रज दांपत्याने त्यांना मागे टाकले. 1913 मध्ये स्टॉकहोम येथे ऑस्ट्रियाच्या हेलेने एंगेलमान आणि कार्ल माइस्ट्रिक यांनी. लागोपाठ दोन वर्षे सुवर्ण थोडक्यात हुकले. तिसऱ्या वर्षी, 1914 च्या आरंभी, सेंट मॉरिट्झ येथे याकोबसन दांपत्याने एंगेलमान-माइस्ट्रिक यांना हरवून अजिंक्यपद परत मिळवले. लुडोविका तेव्हा एकोणतीस वर्षांच्या होत्या. खेळ ऐन भरात आला होता आणि पुढची काही वर्षे त्यांचीच, असे कोणालाही वाटले असते.

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात महायुद्धाचा वणवा पेटला. जागतिक स्पर्धा बंद पडल्या त्या थेट 1922 पर्यंत. 1916 चे नियोजित बर्लिन ऑलिम्पिकही भरले नाही. एखाद्या खेळाडूच्या आयुष्यात सात हिवाळे म्हणजे संपूर्ण कारकीर्द. लुडोविका यांच्यापुढे केवळ खेळाचाच प्रश्न नव्हता. जन्मभूमी आणि पतीच्या देशावर सत्ता गाजवणारा रशिया परस्परांशी लढत होते. युद्धाच्याच काळात हे दांपत्य हेलसिंकीला स्थायिक झाले. 6 डिसेंबर 1917 रोजी फिनलंडने स्वातंत्र्य घोषित केले. पण स्वातंत्र्याची पहाट शांततेची नव्हती. 1918 च्या पहिल्या काही महिन्यांत त्या लहानशा देशाला यादवी युद्धाने होरपळून काढले. अशा दिवसांत बर्फावरच्या आकृत्यांचा विचार कोणाला सुचणार? तरीही या दोघांनी आपला खेळ हातचा जाऊ दिला नाही. तो कधी फळाला येईल याची शाश्वती नसतानाही त्यांनी तो जपला.

1920 चे ऑलिम्पिक बेल्जियममधील अँटवर्प नगरीत भरले. हिवाळी ऑलिम्पिक तेव्हा अस्तित्वात नव्हते. म्हणून बर्फावरचे खेळ मुख्य सोहळ्याआधीच, एप्रिल महिन्यात, शहरातल्या बंदिस्त हिममंदिरात पार पडले. स्वतंत्र राष्ट्र म्हणून फिनलंडचे हे पहिलेच ऑलिम्पिक. 26 एप्रिल रोजी आठ जोड्या मैदानात उतरल्या. लुडोविका यांचे वय पस्तीस वर्षे पूर्ण होऊन नऊ महिने झाले होते, तर वॉल्टर अडतीस वर्षांचे होते. नॉर्वेचे अलेक्सिया आणि इंग्वार ब्रिन दुसरे आले, तर ब्रिटनच्या फिलिस जॉन्सन आणि बेसिल विल्यम्स यांना तिसरे स्थान मिळाले. सुवर्णपदक याकोबसन दांपत्याचे होते. ऑलिम्पिक सुवर्णपदक जिंकणारी फिनलंडची पहिली स्त्री पॉट्सडॅममध्ये जन्मलेली होती. त्यानंतर शंभर वर्षे उलटली, तरी फिगर स्केटिंगमधील दुसरे ऑलिम्पिक सुवर्ण त्या देशाच्या वाट्याला आले नाही.

या विजयाला एक कडू किनारही होती. युद्धात पराभूत झालेल्या जर्मनी, ऑस्ट्रिया आदी देशांना अँटवर्पचे निमंत्रण नव्हते. लुडोविका माहेरच्या नावाने आणि माहेरच्या ध्वजाखाली राहिल्या असत्या, तर त्यांना त्या बर्फावर पाऊलही ठेवता आले नसते. त्यांच्या जुन्या प्रतिस्पर्धी हेलेने एंगेलमान याही ऑस्ट्रियाच्या म्हणून बाहेरच राहिल्या. ज्यांच्याशी खरी बरोबरी व्हायची, त्याच नसताना मिळालेले यश पुरते मानावे का, असा प्रश्न कोणाच्या मनात आला असेल, तर त्याचे उत्तर बर्फावरच मिळणे योग्य होते.

ते उत्तर सरळ आले नाही. 1922 मध्ये दावोस येथे जागतिक स्पर्धा पुन्हा सुरू झाली. आल्फ्रेड बेर्गर या नव्या जोडीदारासह उतरलेल्या एंगेलमान तेथे विजयी ठरल्या आणि याकोबसन दांपत्य दुसरे आले. 1923 मध्ये क्रिस्तियानिया, म्हणजे आजचे ऑस्लो, येथे लुडोविका आणि वॉल्टर यांनी तिसरे जागतिक अजिंक्यपद मिळवले. पहिल्या आणि तिसऱ्या अजिंक्यपदात बारा वर्षांचे अंतर होते. मध्ये एक महायुद्ध होऊन गेले होते. पुढच्या वर्षी शामोनी येथे पहिले हिवाळी ऑलिम्पिक भरले. तेथे एंगेलमान आणि बेर्गर यांनी सुवर्ण जिंकले, याकोबसन यांना रौप्य मिळाले आणि आंद्रे जोली आणि पिएर ब्रुने ही तरुण फ्रेंच जोडी तिसरी आली. एंगेलमान यांचे श्रेष्ठत्व त्या दिवशी निर्विवाद ठरले. पण एकोणचाळिसाव्या वर्षी त्यांच्या पाठोपाठ उभे राहण्यात कमीपणा कसला?

1928 मध्ये सेंट मॉरिट्झच्या ऑलिम्पिकमध्ये हे दांपत्य पुन्हा उतरले. चौदा वर्षांपूर्वी याच गावाने त्यांना अजिंक्यपद दिले होते. या वेळी सुवर्ण जोली आणि ब्रुने यांनी नेले. त्रेचाळीस वर्षांच्या लुडोविका आणि सेहेचाळीस वर्षांचे वॉल्टर पाचवे आले. सात जागतिक स्पर्धांत तीन सुवर्ण आणि चार रौप्य, कधीही दुसऱ्या क्रमांकाखाली न उतरलेली ही जोडी पाचव्या स्थानाची शक्यता जाणून त्या मैदानावर आली होती. शिखरावर असतानाच निरोप घ्यावा, असे म्हणण्याची रीत आहे. या दोघांनी मात्र पदकाची खात्री उरली नसतानाही खेळणे पसंत केले.

स्पर्धांतून निवृत्त झाल्यावरही वॉल्टर यांनी परीक्षक म्हणून या खेळाशी नाते राखले. 10 जून 1957 रोजी हेलसिंकीत त्यांचे निधन झाले. पन्नास वर्षांची सोबत संपली. त्यानंतर अकरा वर्षांनी, 1 नोव्हेंबर 1968 रोजी, लुडोविका यांनीही त्याच नगरीत अखेरचा श्वास घेतला. त्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या होत्या.

फिगर स्केटिंगमध्ये ऑलिम्पिक सुवर्ण जिंकणारी सर्वांत वयस्क स्त्री हा मान आजही लुडोविका यांचाच आहे आणि पुरुषांत तो वॉल्टर यांचा. हा विक्रम वयाचा दिसतो. खरे पाहता तो प्रतीक्षेचा आहे. बर्फावर काढलेली रेघ पुढच्या खेळाडूच्या पात्याखाली पुसली जाते, हिवाळा सरला की बर्फही उरत नाही. उरते ते दोन माणसांनी एकमेकांच्या पावलांशी जुळवून घेतलेले पाऊल. ज्यांचे ऐन उमेदीचे दिवस परिस्थितीने हिरावून घेतले, त्या सर्वांना लुडोविका यांचे चरित्र हेच सांगते, की गेलेली वर्षे परत येत नाहीत. परंतु हातची विद्या सोडली नाही, तर उशिरा आलेली संधीही आपली होऊ शकते.