मातीला मोल देणारा वास्तुशिल्पी : हसन फथी

इजिप्तमध्ये नाईल नदीच्या पश्चिम तीरावर, लक्सर शहराच्या समोर, नवे गुरना नावाचे एक लहानसे खेडे आहे. कच्च्या विटांची मशीद, घुमटाची घरे, वाऱ्याला आत घेणारे झरोके आणि सावलीचे चौक यांमुळे जगभरच्या वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना हे खेडे ठाऊक झाले. मात्र ज्यांच्यासाठी ते वसवले गेले, त्या गावकऱ्यांनीच तेथे राहावयास जाण्याचे नाकारले होते. एका माणसाच्या आयुष्यातील सर्वात मोठे यश आणि सर्वात मोठे अपयश एकाच गावात नांदावे, असा योग क्वचितच येतो. तो हसन फथी यांच्या वाट्याला आला.

फथी यांचा जन्म २३ मार्च १९०० रोजी अलेक्झांड्रिया येथे एका सधन जमीनदार घराण्यात झाला. घरची शेती असूनही वडिलांना खेड्याचा तिटकारा होता. माश्या, डास आणि दूषित पाणी यांपलीकडे त्यांना तेथे काही दिसत नसे. आईचे बालपण मात्र खेड्यात गेले होते आणि तिच्या बोलण्यात त्या दिवसांची ओढ सतत डोकावत असे. मुलाच्या मनात खेड्याविषयीचे ममत्व रुजले ते आईकडून. शेतकी शाळेत जाण्याची त्यांची इच्छा होती, परंतु प्रवेश परीक्षेत ते अनुत्तीर्ण झाले आणि वास्तुकलेकडे वळले. १९२६ मध्ये कैरो येथून ते पदवीधर झाले.

त्यानंतर वयाच्या सत्ताविसाव्या वर्षाच्या सुमारास त्यांनी घरच्या शेतीवरील वस्ती प्रथमच डोळ्यांनी पाहिली. कोंदट, अंधाऱ्या, ठेंगण्या झोपड्या आणि त्यांत गुराढोरांसह राहणारी माणसे पाहून त्यांना धक्का बसला. ज्यांच्या कष्टावर आपले कुटुंब सुखात जगत होते, त्यांच्याच घरांकडे आपण कधी पाहिले नाही, ही टोचणी त्यांना जन्मभर पुरली. सिमेंट, लोखंड आणि इमारती लाकूड विकत घेण्याची ऐपत शेतकऱ्याकडे नव्हती. पायाखालची माती मात्र फुकट होती. घर सुधारायचे तर याच मातीने सुधारले पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. १९३० पासून कैरोच्या ललितकला महाविद्यालयात अध्यापन करीत असताना ते मातीच्या घरांची चित्रे आणि आराखडे काढू लागले. १९३७ मध्ये त्यांचे प्रदर्शनही भरले.

पण खरी अडचण भिंतींची नसून छपराची होती. आपल्याकडील धाब्याच्या घरालाही तुळया लागतातच. इजिप्तमध्ये लाकूड आधीच दुर्मीळ, त्यात दुसरे महायुद्ध सुरू होताच ते मिळेनासे झाले. पूर्वी लोक मातीच्या कमानीचे छत रचत असत, हे फथी यांना ठाऊक होते. बहतीम येथील शेतकी संस्थेच्या बांधकामावर त्यांनी तसा प्रयत्न करून पाहिला. सेंटरिंगशिवाय रचलेल्या कमानी एकामागून एक कोसळल्या. तेव्हा आस्वान धरणाच्या कामावर असलेल्या त्यांच्या भावाने सांगितले, की दक्षिणेकडील न्यूबियन लोक आजही आधाराशिवाय अशी छपरे बांधतात.

१९४१ मध्ये फथी विद्यार्थ्यांसह आस्वानला गेले. नदीपलीकडच्या गर्ब आस्वान या गावात पाऊल टाकताच त्यांना हवे ते सापडले. घरामागून घर नीटनेटके, मातीचे आणि कमानीच्या छताचे होते. लक्सर येथे रामसेस दुसरा याच्या मंदिरालगतची धान्याची कोठारेही त्यांनी पाहिली. तीन हजारांहून अधिक वर्षे उलटूनही त्यांच्या मातीच्या कमानी उभ्या होत्या.

ही विद्या ज्यांच्या हातात होती, त्या गवंड्यांना त्यांनी शोधून काढले. बोगदादी अहमद अली हे त्यांपैकी एक. गवंडी प्रथम खोलीच्या शेवटच्या भिंतीवर मातीच्या गिलाव्याने कमानीची रेघ निव्वळ नजरेच्या अंदाजाने उमटवीत. नेहमीपेक्षा अधिक भुसा घालून हलक्या केलेल्या विटांच्या अंगावर बोटांनी खाचा पाडलेल्या असत. त्यामुळे ओला चिखल विटेला घट्ट धरून ठेवी. पहिला थर मागच्या भिंतीवर रेलवायचा, दुसरा पहिल्यावर, तिसरा दुसऱ्यावर. थर तिरके असल्यामुळे वीट खाली घसरत नाही आणि कमान पूर्ण होताच ती स्वतःचा भार स्वतः पेलू लागते. ना लाकूड, ना लोखंड, ना कागदावरचे गणित. एका खोलीचे छत दोन गवंडी दीड दिवसात पुरे करीत.

फथी यांच्या पुढील आयुष्याचे सूत्र येथे सापडते. ते स्वतः विद्यापीठात शिकलेले होते, परंतु निरक्षर गवंड्यांसमोर विद्यार्थी होऊन बसण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. मालक, वास्तुशिल्पी आणि कारागीर या तिघांनी मिळून घर घडते, असे ते मानत. पूर्वी घरमालक गवंड्याशी थेट बोलत असे आणि भिंत उभी राहताना दोघे मिळून निर्णय घेत. पुढे वास्तुशिल्पी शहरातील कचेरीत बसून नकाशे काढू लागला. कारागीर केवळ हुकमाचा ताबेदार झाला आणि मालक बाजूला पडला. ही तुटलेली साखळी पुन्हा जोडण्याचा ध्यास त्यांनी घेतला. चित्रकार हामिद सईद यांचे मर्ग येथील घर हे या पद्धतीच्या सुरुवातीच्या घरांपैकी एक.

मोठी संधी १९४५ मध्ये चालून आली. जुने गुरना हे गाव प्राचीन थडग्यांच्या डोंगरावर वसले होते. सुमारे सात हजार वस्तीच्या या गावातील अनेक कुटुंबांचा चरितार्थ थडग्यांतील वस्तूंवर आणि पर्यटकांवर चाले. एका थडग्यातील कोरीव शिल्पच कापून नेल्याचे उघडकीस आले, तेव्हा सरकारने गाव हलवण्याचा निर्णय घेतला. पुराणवस्तू खात्याने सुमारे पन्नास एकर शेतजमीन घेतली आणि नव्या गावाचे काम फथी यांच्यावर सोपवले.

पुनर्वसन म्हणजे एकाच छापाच्या घरांच्या रांगा, ही कल्पना त्यांनी मोडीत काढली. दहा-वीस कुटुंबांचे एकेक भावकीचे कूळ, ज्याला तेथे बदाना म्हणतात, त्याच्यासाठी त्यांनी एक समाईक चौक योजला आणि त्याभोवती घरे मांडली. कुटुंबाच्या गरजेनुसार प्रत्येक घर वेगळे केले. पाण्याचे रांजण, चूल, जनावरे यांच्या जागा बायकांच्या रोजच्या राबत्याचा विचार करून ठरवल्या. शाळेला वारा पकडणारे धुराडे दिले. फथी यांच्या नोंदीप्रमाणे त्यामुळे आतील तापमान सुमारे दहा अंशांनी उतरत असे. न्यूबियातून गवंडी आणवले आणि गुरन्याच्या तरुणांना त्यांच्या हाताखाली उमेदवारीला लावले. लाकडाच्या लहान तुकड्यांतून दारे जोडणाऱ्या स्थानिक सुतारांची कला त्यांनी पुन्हा वापरात आणली. मशीद, बाजार, रंगमंच, शाळा आणि कारागिरांसाठी खाणही बांधली. अरबी भाषेत खाण म्हणजे उतारूंची आणि व्यापाऱ्यांची वखार. थडग्यांवरचे उत्पन्न गेल्यावर लोकांनी विणकामासारख्या हस्तव्यवसायांवर जगावे, ही त्यामागील कल्पना होती.

तीन हंगामांनंतर, १९४८ मध्ये काम थांबले. योजलेल्या सुमारे नऊशे घरांपैकी जेमतेम दीडशेच्या आत घरे झाली होती. भुशापासून मजुरीपर्यंत प्रत्येक गोष्टीसाठी सरकारी कागद अडत होते. मातीच्या स्वस्त बांधकामात कंत्राटदारांना स्वारस्य नव्हते आणि गावकऱ्यांचा विरोध उघड होता. एका पुराच्या वेळी बांध फोडून नव्या गावात पाणी सोडण्याचा प्रयत्न झाल्याचे फथी यांनी पुढे लिहून ठेवले आहे.

या विरोधाचा अर्थ नीट समजून घ्यावयास हवा. घुमट म्हणजे पीराचे थडगे, तेथे संसार कसा मांडावा, असे गावकऱ्यांना वाटे, हे कारण नेहमी सांगितले जाते. परंतु मूळ दुखणे पोटाचे होते. ज्या डोंगरावर भाकरी मिळते, तो सोडून सुंदर घरात उपाशी राहावयास कोण जाईल? शिवाय स्थलांतराचा निर्णय सरकारचा होता, तो गावाने घेतला नव्हता. फथी यांनी प्रत्येक कुटुंबाला विचारून घर बांधण्याचा आग्रह धरला. पण घर हवे आहे का, हा पहिला प्रश्न त्यांच्या हातात नव्हता. कारागिराशी त्यांचे नाते जुळले. मालक मात्र या त्रयीत कधी सामीलच झाला नाही.

निराश होऊन १९५७ मध्ये त्यांनी देश सोडला आणि अथेन्समध्ये डॉक्सियाडिस यांच्या संस्थेत काम केले. १९६०च्या दशकाच्या आरंभी ते मायदेशी परतले. १९६४ मध्ये कैरोच्या बांधकाम संशोधन केंद्रात मातीची आणि तयार सिमेंट काँक्रीटची अशा खोल्या बांधून तापमान मोजले गेले. मातीच्या खोलीत दिवसभरात दोन अंशांहून अधिक चढउतार झाला नाही, तर काँक्रीटच्या खोलीत पारा ३६ अंशांपर्यंत गेला. खार्गा मरूद्यानात नवे बारीस हे दुसरे गाव त्यांनी हाती घेतले, परंतु १९६७ च्या युद्धाने तेही अर्धवट राहिले.

गुरन्याची कहाणी त्यांनी १९६९ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. १९७३ मध्ये शिकागो विद्यापीठाने ती नव्या नावाने प्रकाशित केल्यावर फथी यांचे नाव जगभर पोहोचले. स्वतःच्या पराभवाचा जमाखर्च इतक्या मोकळेपणाने मांडणारे वास्तुशिल्पी थोडेच. १९८० मध्ये त्यांना आगा खान वास्तुकला पुरस्कारातील अध्यक्षीय सन्मान आणि राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला. त्याच सुमारास अमेरिकेतील न्यू मेक्सिकोमध्ये मशीद बांधताना त्यांनी न्यूबियन गवंड्यांनाच सोबत नेले. गौरवाच्या वेळीही कारागिरांचा त्यांना विसर पडला नाही. उत्तरायुष्यात कैरोच्या किल्ल्यालगत एका जुन्या वाड्यात ते मांजरांच्या सहवासात राहत. तेथेच ३० नोव्हेंबर १९८९ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या मातीच्या घरांना पुढे श्रीमंतांची मागणी आली. गरिबाने मात्र सिमेंटच पसंत केले, कारण पक्के घर ही त्याच्या लेखी प्रतिष्ठेची खूण होती. नव्या गुरन्यात हळूहळू लोक राहू लागले, पण खारे पाणी भिंतींत चढले, कुटुंबे वाढली आणि कित्येकांनी मूळ घरे पाडून काँक्रीटची बांधली. २०१० मध्ये जागतिक स्मारक निधीने या गावाची धोक्यातील वारशात नोंद केली. युनेस्कोच्या पुढाकाराने तेथील सार्वजनिक वास्तूंच्या जतनाचे कामही हाती घेतले गेले. डोंगरावरचे जुने गुरना सरकारने २००६ पासून अखेर पाडलेच. फथी यांना जे तीन वर्षांत जमले नाही, ते साठ वर्षांनी यंत्रांनी केले.

फथी यांनी गरिबाला स्वस्त, थंड आणि देखणे घर कसे देता येईल, हे सिद्ध केले. त्याच वेळी, ज्याचे घर त्याची संमती नसेल तर उत्तम कारागिरीही अपुरी पडते, हेही त्यांच्याच गावाने दाखवून दिले. पुनर्वसनाच्या वसाहती आजही कचेरीतील नकाशांवरून उभ्या राहतात. त्या आखणाऱ्यांनी फथी यांचे दोन्ही धडे एकत्र वाचावयास हवेत.