विश्लेषण : शिलाँगचे पठार काही सेकंदांत ११ मीटर उचलले गेले, हे १०० वर्षांनंतर कसे कळले?

ईशान्य भारतात १२ जून १८९७ च्या सायंकाळी ८ च्या वर तीव्रतेचा भूकंप झाला. शिलाँगमधील दगडी इमारती कोसळल्या, दीड हजारांहून अधिक माणसे गेली. या भूकंपाचा अभ्यास करणारे भूगर्भशास्त्रज्ञ रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम यांनी जमिनीच्या मोजमापांची जी नोंद ठेवली, तिच्यामुळेच एका दडलेल्या भ्रंशाचा शोध लागला.

ओल्डहॅम कोण होते?

जन्म १८५८, डब्लिन. वडील थॉमस ओल्डहॅम हे जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाचे पहिले प्रमुख. वडिलांच्या निधनानंतर, १८७९ मध्ये रिचर्ड याच संस्थेत रुजू झाले. वडिलांचा १८६९ च्या कछार भूकंपावरील अपूर्ण अभ्यास त्यांनी पूर्ण करून प्रसिद्ध केला. भूकंप हा विषय त्यांच्याकडे असा घरातूनच आला.

१८९७ नंतर त्यांनी काय केले?

त्यांनी गारो टेकड्यांचा भाग पायाखाली घातला. चेद्रांग नदीच्या काठाने जमीन सुमारे २० किलोमीटर फाटली होती. काही ठिकाणी एक बाजू दुसरीपेक्षा १० मीटरने वर आली होती. नदीत नवे धबधबे आणि डोह तयार झाले होते. पण एवढा मोठा भूकंप या एका भेगेने होणे शक्य नव्हते. मुख्य हालचाल खोलवर झाली असणार, हे त्यांनी ओळखले.

टेकड्यांचे मोजमाप पुन्हा का झाले?

या भागात १८६० च्या दशकात त्रिकोणमितीय सर्वेक्षण झाले होते. भूकंपानंतर सर्व्हे ऑफ इंडियाने त्याच शिखरांवरून पुन्हा कोन मोजले. आकडे बदलले होते. शिखरे सरकली होती, उंचीही वाढली होती. अडचण एकच होती : हिशेबासाठी दोन ठिकाणे स्थिर धरावी लागली आणि तीही हललेली असू शकत होती. त्यामुळे अंतरांवर विसंबता येईना. ओल्डहॅम यांनी मर्यादा मान्य करून सगळी मोजमापे १८९९ च्या अहवालात छापली.

मग उत्तर कधी मिळाले?

रॉजर बिलहॅम आणि फिलिप इंग्लंड यांनी २००१ मध्ये जुने कोन पुन्हा तपासले. त्रिकोणातील कोन थेट मोजलेला असतो. त्याला पायारेषेच्या लांबीची गरज नसते. कोनांतील बदलांवरून चित्र स्पष्ट झाले. पठाराच्या उत्तर कडेखाली दक्षिणेकडे उतरणारा, सुमारे ११० किलोमीटर लांबीचा भ्रंश होता आणि त्यावर अंदाजे १६ मीटर सरक झाली होती. पठाराची उत्तर कड किमान ११ मीटर वर आली. हा भ्रंश पृष्ठभागापर्यंत पोहोचलाच नव्हता. त्याला ओल्डहॅम यांचेच नाव मिळाले.

ओल्डहॅम यांचे आणखी योगदान काय?

याच भूकंपाच्या युरोपातील नोंदींवरून त्यांनी १९०० मध्ये भूकंपलहरींचे तीन प्रकार वेगळे दाखवले. भारतातून १९०३ मध्ये निवृत्त झाल्यावर, १९०६ मध्ये पृथ्वीला वेगळा गाभा असल्याचा पुरावा त्यांनी मांडला. १९३६ मध्ये वेल्समध्ये त्यांचे निधन झाले.

आज याचे महत्त्व काय?

हिमालयात जमीन वर्षाला साधारण २ सेंटीमीटर आवळली जाते; म्हणजे शतकात २ मीटर. हा ताण कुठे साठतो, हे आता जीपीएस केंद्रे आणि ‘निसार’सारखे रडार उपग्रह मिलिमीटर-सेंटीमीटरमध्ये मोजतात. तत्त्व मात्र तेच आहे : आधीचे माप, नंतरचे माप आणि दोन्हींतला फरक. दडलेला भ्रंश नकाशावर दिसत नाही, पण गुवाहाटीसारखी शहरे त्याच्या टापूत उभी आहेत. तिथल्या इमारती किती धक्का सोसतील याचा हिशेब या मापांवरच मांडावा लागतो.