बल्लारपूरच्या कागद मिलमागचं गणित : आल्फ्रेड वेबर

कागदाची मिल बल्लारपूरलाच का, मुंबईला का नाही? हे गणित जर्मनीच्या आल्फ्रेड वेबर यांनी १९०९ मध्येच पुस्तकात मांडून ठेवलं होतं.

जन्म १८६८, एर्फुर्ट. समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर त्यांचे थोरले भाऊ, त्यामुळे आल्फ्रेड जरा झाकलेच गेले.

त्यांचं मॉडेल म्हणजे एक त्रिकोण. कच्चा माल, इंधन आणि बाजार हे तीन कोपरे, आणि प्रत्येक जण कारखान्याला आपल्याकडे ओढतो. वाहतुकीचा खर्च म्हणजे वजन गुणिले अंतर. एक टन कागदाला बांबू टनापेक्षा बराच जास्त लागतो आणि कोळसा तर जळूनच जातो. मग एवढं ओझं लांब न्यायचं कशाला? जंगल, कोळशाच्या खाणी आणि वर्धा नदीजवळ कागद बनवा, तयार माल रेल्वेने पाठवा. स्वस्त मजुरी मिळाली तर जागा सरकू शकते, हेही त्यांनी धरलं होतं. जंगलाजवळच्या गावांना काय मिळतं, हे मात्र त्या त्रिकोणात नाही.

१९३३ मध्ये हायडेलबर्गला त्यांच्या संस्थेवर नाझींचा झेंडा चढला. त्यांनी तो उतरवायला लावला आणि थोड्याच दिवसांत प्राध्यापकी सोडली. पुन्हा शिकवायला लागले ते १९४५ नंतर, पंचाहत्तरी उलटल्यावर. १९५८ मध्ये ते वारले, तेव्हा बल्लारपूरची मिल कागद काढत होती.