नाथांनी शुद्ध केलेली पोथी

आपल्यापैकी अनेकांच्या देवघरात ज्ञानेश्वरी आहे. ती आपल्यापर्यंत नीट पोहोचली, यात पैठणच्या संत एकनाथ महाराजांचा फार मोठा वाटा आहे.

नाथांचा जन्म १५३३ च्या सुमाराचा. आईवडिलांचे छत्र लवकर हरपले. आजोबा चक्रपाणींनी त्यांना वाढवले. पुढे ते देवगिरीला जनार्दनस्वामींकडे राहिले. तिथे एका पैचा हिशेब लागेना म्हणून रात्रभर जागल्याची त्यांची कथा प्रसिद्धच आहे.

ज्ञानेश्वरी १२९० मधली. त्या काळी छापखाना नव्हता, पोथ्या हातानेच उतरवून घेत. नकलताना शब्द बदलत. शिवाय भक्तीच्या भरात वाचणारे स्वतःला सुचलेली ओवीही तीत घालत. मूळ कोणते आणि भर कोणती, हे कळेनासे झाले.

परंपरा सांगते, की नाथांचा घसा दुखू लागला आणि ज्ञानदेवांनी स्वप्नात येऊन सांगितले, की अजानवृक्षाची मुळी माझ्या कंठाला लागली आहे, ती काढ. नाथ आळंदीला गेले. पुढे अनेक प्रती ताडून १५८४ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि यापुढे कोणीही तीत आपली ओवी घालू नये, असे शेवटी बजावले.

मग वाचकाने काही लिहूच नये काय? तसे नाही. नाथ स्वतःच असे वाचक होते! भागवताचा अकरावा स्कंध वाचून त्यांनी अठरा हजारांहून अधिक ओव्यांची टीका रचली आणि १५७३ मध्ये काशीत पूर्ण केली. छंद ज्ञानदेवांचाच, ओवीचा. पण ग्रंथ वेगळा, स्वतःच्या नावाचा. आम्हा डॉक्टरांनाही आधीच्या डॉक्टरची नोंद खोडता येत नाही. आपले मत खाली, आपल्या सहीने लिहावे लागते. नाथांनी तेच पथ्य पाळले.

त्यांचे भावार्थ रामायण युद्धकांडाच्या ४४ व्या अध्यायावर थांबले. ते पूर्ण केले शिष्य गावबाने. पुरणपोळीसाठी हट्ट करणारा, मंदबुद्धी म्हणून हिणवलेला मुलगा, अशी त्याची कथा सांगतात. नाथांच्या घरी ऐकता ऐकता तोही लिहिता झाला.

येत्या नाथषष्ठीला मुलांना चार ओव्या वाचून दाखवू या आणि त्यांना जे सुचेल ते, मराठीत किंवा इंग्रजीत, त्यांच्या वहीत लिहू देऊ या. पोथी जशीच्या तशी राहील आणि वाचणारेही वाढतील. नाथांच्या चरणी हीच प्रार्थना.