वाऱ्याचा पीळ ओळखणारा अभियंता : फझलूर रहमान खान

मध्य प्रदेशातील पांढुर्णा आणि सौसर हा मराठी भाषकांचा, संत्राबागांचा मुलूख. तेथील एका अंगाने अधिक लगडलेले झाड वादळी वाऱ्यात केवळ वाकत नाही, आपल्या बुंध्याभोवती पिळलेही जाते. उंच इमारतीचेही तसेच आहे. वाऱ्याच्या दाबाचा मध्य आणि इमारतीच्या ताठपणाचा मध्य एका रेषेत नसले, की ती ढकलली जाते आणि वळतेही. हा पीळ पेलणारी रचना ज्यांनी रूढ केली, ते फझलूर रहमान खान.

३ एप्रिल १९२९ रोजी ढाक्यात त्यांचा जन्म झाला. शिबपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील त्यांचे शिक्षण १९५० च्या दंगलींमुळे खंडित झाले आणि ढाक्यात पूर्ण झाले. १९५२ मध्ये शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात गेले. अवघ्या तीन वर्षांत दोन पदव्युत्तर पदव्या आणि डॉक्टरेट मिळवून १९५५ मध्ये ते शिकागोच्या स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिल या संस्थेत रुजू झाले.

तोवर इमारतीचे खांब आतल्या भागात विखुरलेले असत. उंची वाढली की पोलाद बेसुमार वाढे. खानांनी खांब बाहेरच्या भिंतीत जवळजवळ उभे करून ते तुळयांनी जखडले. सारी इमारतच एक पोकळ नळी झाली. त्यामागील तत्त्व वेळूवर पडताळता येते. अखंड वेळू दोन्ही हातांनी पिळला तर दाद देत नाही. तोच उभा चिरला, की सहज पिळला जातो.

शिकागोची ४३ मजली डेविट-चेस्टनट ही या पद्धतीची पहिली इमारत. मग १०० मजली जॉन हॅनकॉक सेंटरवर त्यांनी बाहेरून तिरके पोलादी पट्टे बांधले. तेथे दर चौरस मीटरला सुमारे १४५ किलो पोलाद लागले. जुन्या एम्पायर स्टेट इमारतीला सुमारे २०६ किलो लागले होते. १९७३ मध्ये कळसाला पोहोचलेला ११० मजली, ४४२ मीटर उंचीचा सिअर्स टॉवर म्हणजे नऊ चौकोनी नळ्यांची मोळी. त्यांतील काही नळ्या ५०, ६६ आणि ९० व्या मजल्यांवर थांबतात.

इमारत पडली नाही एवढ्याने त्यांचे समाधान होत नसे. वरच्या मजल्यावरील माणसाला हेलकावा केव्हा जाणवतो, याचाही त्यांनी अभ्यास केला. माणसांविषयीची ही आस्था १९७१ मध्येही दिसली. बांगलादेशाच्या मुक्तिलढ्यात पीडितांसाठी त्यांनी अमेरिकेत मदत उभी केली.

२७ मार्च १९८२ रोजी जेद्दा येथे हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. वय होते अवघे ५२.

आज आपल्याकडेही मनोरे वाढत आहेत. जिना आणि लिफ्टचा भक्कम गाभा एका कोपऱ्यात ढकललेला नकाशा जागा वाचवतो, पण वाऱ्याला पिळण्याची संधी देतो. नकाशावर सही करण्यापूर्वी हा हिशेब मांडणे, हेच खानांचे खरे स्मरण.